चरबीतली आम्ले शोधणारे शेव्रल

महाराष्ट्रात 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि त्यानंतर गावोगावी तळी दिसू लागली. तळ्यात पाणी आले म्हणजे मासे आलेच. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांचे बीज सोडणारे शेतकरी वाढले. बीजामागे खाद्य आले आणि खाद्यामागे दुकानात बाटल्याही आल्या. बाटलीवर ओमेगा-3, फॅटी ॲसिड, लिव्हर टॉनिक असे काहीबाही लिहिलेले असते, किंमत भरपूर असते आणि माशाचे चित्र झकास असते. गावातल्या बैठकीत हमखास प्रश्न येतो, की साहेब, हे घातले नाही तर मासे मरतात का?

या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते, पण त्यावर विश्वास बसणार नाही. म्हणून आज ज्या माणसाने चरबी उघडून तिच्यात काय आहे ते जगाला पहिल्यांदा दाखवले, त्याची हकीकत सांगतो. त्यांचे नाव मिशेल यूजेन शेव्रल. फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ. जन्म 1786 चा आणि मृत्यू 1889 चा. हिशेब करून पाहा, शंभरी ओलांडून गेलेला गडी.

शेव्रल यांचा जन्म 31 ऑगस्ट 1786 रोजी पश्चिम फ्रान्समधील आंझे या गावी झाला. वडील शस्त्रवैद्य होते, बाळंतपणाच्या कामात त्यांचा हातखंडा. घर सुशिक्षित. मुलगा तीन वर्षांचा असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि पुढे आंझेच्या आसपास तर यादवी युद्धच पेटले. शाळा बंद, वातावरण भीतीचे. त्यामुळे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. क्रांतीनंतरच्या सरकारने नव्या पद्धतीच्या शाळा काढल्या, त्यांपैकी आंझेच्या शाळेत ते शिकले आणि 1803 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, रसायनशास्त्र शिकायला पॅरिसला गेले.

तिथे त्यांना गुरू भेटले ते व्होकलँ. या व्होकलँ यांच्याबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण ते आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या घरातले. नॉर्मंडी भागातल्या गरीब शेतमजुराचा हा मुलगा औषधाच्या दुकानात हरकाम्या म्हणून लागला आणि शिकत शिकत क्रोमियम धातू शोधून काढण्यापर्यंत पोचला. अशा गुरूच्या प्रयोगशाळेत शेव्रल काम शिकले. पहिली काही वर्षे वनस्पतींतले रंग वेगळे करण्यात गेली. नीळ, पतंगाचे लाकूड अशा रंगद्रव्यांवर त्यांनी हात बसवला. हे रंगाचे काम पुढे फार उपयोगी पडले, ते नंतर येईलच.

आता मुख्य गोष्ट. 1811 च्या सुमारास त्यांच्याकडे एक साबण तपासायला आला. डुकराची चरबी आणि पोटॅशचा खार यांपासून केलेला मऊ साबण होता तो. पोटॅश म्हणजे आपण पालाश म्हणतो तेच, त्या काळी लाकडाच्या राखेतून काढत. चरबी आणि राखेचा खार एकत्र उकळला की साबण होतो, हे माणसाला शेकडो वर्षांपासून ठाऊक होते. पण का होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सर्वसाधारण समजूत अशी, की चरबी आणि खार एकमेकांत मिसळतात आणि झाला साबण. पिठात मीठ मिसळावे तसे.

शेव्रल यांनी त्या साबणात भरपूर पाणी घातले. काही भाग विरघळला, काही भाग खाली बसला, आणि तो खाली बसलेला भाग मोत्यासारखा चमकत होता. दुसरा कोणी असता तर गाळून फेकून दिला असता. त्यांनी तो जपून घेतला, त्यावर आम्ल टाकले. खार सुटला आणि वर एक स्निग्ध पदार्थ आला. दिसायला मेणचट, पण वागायला आम्ल! लिटमस लाल करायचा, अल्कोहोलमध्ये विरघळायचा आणि खाराशी पुन्हा जोडला की पुन्हा साबण. म्हणजे मूळ चरबी हा काही एकसंध पदार्थ नव्हता. खाराने चरबी फोडली होती. त्यातून आम्ले बाहेर आली होती आणि सोबत एक गोडसर, घट्ट पातळ पदार्थ सुटला होता. तो गोड पदार्थ शील नावाच्या स्वीडनमधल्या रसायनतज्ज्ञाने आधीच पाहिला होता, पण त्याला ग्लिसरीन हे नाव शेव्रल यांनी दिले.

चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि आम्ले यांची जोडणी. आज शाळेतली पोरे पाठ करतात ते वाक्य या माणसाने बारा वर्षे खपून सिद्ध केले. या आम्लांना आपण मराठीत स्निग्धाम्ले म्हणतो आणि बाटलीवर फॅटी ॲसिड लिहिलेले असते ते हेच. गंमत अशी, की त्यांनी तराजूने मोजले तेव्हा सुटलेली आम्ले आणि ग्लिसरीन यांचे एकूण वजन मूळ चरबीपेक्षा थोडे जास्त भरले. घट यायला पाहिजे, इथे वाढ! कारण फुटताना चरबीत पाणी जोडले जाते. त्या काळात इतक्या बारकाईने वजन घेणे ही सोपी गोष्ट नव्हती.

मग त्यांनी एकामागून एक चरब्या घेतल्या. बैलाची, मेंढीची, डुकराची, हंसाची, माणसाची, इतकेच नाही तर पॅरिसच्या प्राणिसंग्रहामुळे मिळालेली जॅग्वार या वाघाच्या जातीच्या जनावराचीसुद्धा. घट्ट चरबीत जास्त सापडले ते स्टिअरिक आम्ल, पातळ भागात सापडले ते ओलेइक आम्ल. लोण्यातून ब्युटिरिक आम्ल निघाले. लोणी खवट झाल्यावर जो उग्र वास येतो तो याचाच. शेळीच्या वासाशी नाते असलेली कॅप्रोइक आणि कॅप्रिक ही दोन आम्लेही त्यांनीच वेगळी केली आणि ती नावे शेळीच्या लॅटिन नावावरूनच पडली. डॉल्फिनच्या तेलातून त्यांनी आणखी एक आम्ल काढले. डॉल्फिन हा काही मासा नव्हे, पण समुद्रातल्या प्राण्याच्या तेलाची अशी आम्लवार चिरफाड झाली ती त्यांच्याच हातून. व्हेल जातीच्या प्राण्याच्या डोक्यातले मेणही त्यांनी तपासले. पित्ताशयातल्या खड्यांमधून निघणारा एक पदार्थ खाराबरोबर कितीही उकळला तरी साबण होत नाही हे त्यांनी दाखवले आणि त्याला नाव दिले कोलेस्टेरीन. तेच आजचे कोलेस्टेरॉल. डॉक्टर आपल्याला त्याची भीती घालतात, पण कोळंबीची गोष्ट उलटी आहे. कोळंबीला स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार करता येत नाही, ते खाद्यातूनच द्यावे लागते. कोकणातल्या कोळंबी तळ्यांवर जे गोळीखाद्य वापरतात त्यात त्याची सोय केलेली असते.

हे सगळे काम त्यांनी 1823 साली एका मोठ्या ग्रंथात छापले. विषय प्राण्यांच्या चरबीचा. तेव्हा त्यांचे वय होते अवघे 36.

त्यांच्या कामातली एक युक्ती सांगण्यासारखी आहे. वेगळे केलेले आम्ल शुद्ध आहे की नाही हे कसे ओळखायचे? शेव्रल ते पुन्हा पुन्हा विरघळवून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून, ते किती उष्णतेला वितळते हे बघत. वितळण्याचा आकडा बदलायचा थांबला म्हणजे पदार्थ शुद्ध. ही कसोटी नंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. तरीही ते सगळीकडे बरोबर ठरले असे नाही. मोत्यासारखे चमकणारे म्हणून ज्या आम्लाला त्यांनी मोत्याच्या ग्रीक शब्दावरून मार्गारिक असे नाव दिले, ते मुळात दोन आम्लांचे मिश्रण होते हे पुढे दुसऱ्यांनी सिद्ध केले. नाव मात्र टिकले, कृत्रिम लोण्याला मार्गारीन म्हणतात ते त्यावरूनच. आणि त्यांचे ओलेइक आम्ल म्हणजे तेलकट पातळ भाग, त्यात आणखी काही आम्ले दडलेली होती. नेमकी तीच आम्ले माशांच्या दृष्टीने मोलाची.

इथे शेव्रल यांना थोडे बाजूला ठेवून तळ्याकडे येऊ.

थंडीत तूप गोठते, खोबरेल तेल बाटलीत घट्ट होते, पण जवसाचे तेल पातळच राहते. का? कोणत्या आम्लाचे प्रमाण जास्त, यावर ते ठरते. तूप-खोबऱ्यात लवकर गोठणारी आम्ले जास्त, जवसात न गोठणारी. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी थंड झाले की त्याचे शरीरही तेवढेच थंड होते. गाई-म्हशीला अंगात ऊब असते, माशाला नसते. त्याच्या प्रत्येक पेशीभोवतीचे आवरण स्निग्धाम्लांचेच बनलेले असते आणि ते गोठून चालत नाही, लवचिक राहावे लागते. म्हणून माशाला न गोठणाऱ्या आम्लांची गरज असते. त्यांपैकी दोन आम्ले त्याला स्वतः बनवता येत नाहीत, खाल्ल्यानेच मिळतात. एक लिनोलिइक, म्हणजे ओमेगा-6 गटातले, आणि दुसरे लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-3 गटातले. नावे इतकी सारखी ठेवली आहेत की शिकलेलाही गोंधळतो. भुईमुगाच्या तेलात पहिले भरपूर, दुसरे जवळजवळ नाहीच. जवसाच्या तेलात दुसऱ्याचे प्रमाण निम्म्याच्या पुढे. सोयाबीनमध्ये पहिले निम्म्याच्या आसपास आणि दुसरे थोडेसे.

अशी आम्ले खाण्यातून मिळालीच पाहिजेत, हे शेव्रल यांना माहीत नव्हते. ते 1929 साली अमेरिकेत जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या पतिपत्नींनी उंदरांवर दाखवले. माशांवरचे काम त्यानंतर बरेच उशिरा, मुख्यतः 1970 च्या दशकात झाले. अमेरिकेत ट्राउट माशाला ओमेगा-3 शिवाय खाद्य दिले तेव्हा वाढ खुंटली, पर झिजले, यकृत सुजले आणि हाताळताच मासे चक्क बेशुद्ध पडू लागले. जपानी शास्त्रज्ञांनी कॉमन कार्पवर, म्हणजे आपल्या सायप्रिनसवर प्रयोग केले आणि दोन्ही आम्ले खाद्यात साधारण 1-1 टक्का लागतात असे दाखवले. 100 किलो खाद्यात प्रत्येकी 1 किलो. तिलापियाला मुख्यतः पहिल्याची गरज. समुद्री आणि खाडीतल्या माशांचे मात्र आणखी कडक. जिताड्यासारख्या माशाला जवसातले आम्ल देऊन भागत नाही. त्यातून पुढची लांब साखळीची ओमेगा-3 आम्ले बनवायची ताकद त्याच्यात फारशी नसते, ती तयारच द्यावी लागतात. म्हणून त्याच्या खाद्यात माशाचे तेल लागते, तारलीसारख्या मासळीचे.

मग बाटली घ्यायची की नाही? माझे सरळ म्हणणे असे. मातीच्या तळ्यात शेणखत पडते, पाणी हिरवट असते, त्यात शेवाळ आणि बारीक जिवाणू वाढतात. हे प्लवंग म्हणजे ओमेगा-3 चे फुकटचे कोठार. अशा तळ्यात मोजकीच बोटुकली सोडली असेल तर कार्प माशांना या आम्लांची टंचाई सहसा पडत नाही, बाटलीचे पैसे वाचवावेत. पण प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात, जिथे पाणी नितळ आणि मासे दाटीने, किंवा धरणातल्या पिंजऱ्यात, तिथे मासा जवळपास पूर्णपणे आपण टाकू त्या खाद्यावर जगतो. तिथे नुसती शेंगपेंड आणि कोंडा टाकला तर ओमेगा-3 कुठून येणार? चांगले गोळीखाद्य घेतले असेल तर त्यात सोय असते. घरी खाद्य करत असाल तर 100 किलोला 2 किलो जवसाचे तेल मिसळले तरी 1 टक्क्याची गरज भागते. जवस विदर्भात घरचेच पीक. पेंड मात्र बेताने वापरावी, जवसाच्या पेंडीत माशाला न मानवणारी द्रव्ये असतात. आणि तेल जास्त घातले म्हणजे जास्त फायदा, असे मुळीच नाही. कार्पच्या खाद्यात एकूण स्निग्धांश 5 ते 7 टक्के पुरे, त्यापुढे यकृतावर चरबी चढते.

खरा धोका कमतरतेपेक्षा खवटपणाचा आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास दिसतो. भाताचा कोंडा गिरणीतून बाहेर पडला की त्यातल्याच एका पाचक द्रव्यामुळे तेल फुटायला लागते. ग्लिसरीन वेगळे, आम्ले वेगळी. शेव्रल यांनी राखेच्या खाराने जे केले तेच कोंड्याच्या पोत्यात आपोआप चालू होते. सुटलेली आम्ले हवेशी संयोग पावली की कोंडा खवट. ओमेगा-3 आम्ले तर सगळ्यांत लवकर बिघडतात, म्हणून जवसाचे तेल मिसळलेले खाद्य करून महिनाभर ठेवू नये. जपानमध्ये कार्प माशांना रेशीमकिड्याचे कोष खाऊ घालत. ते खवट झालेले कोष खाल्ल्याने माशांच्या पाठीचे मांस झिजून पाठ सुरीसारखी होत असे. कारण शोधले तेव्हा दोष खवट तेलाचा निघाला. ई जीवनसत्त्व दिल्यावर हा रोग आटोक्यात येतो. म्हणून पोते उघडल्यावर आधी नाक लावा. उग्र वास आला तर ते खाद्य तळ्यात टाकू नका, स्वस्त मिळाले असले तरी.

आणखी एक. मासे मंद झाले, पर झिजले, की लगेच टॉनिक ओतायची घाई नको. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी आहे. अंगावर खवल्यांत उवा चिकटलेल्या दिसल्या तर तो परजीवीचा त्रास आहे. या दोन्हींवर ओमेगा-3 ची मात्रा चालत नाही. आधी पाणी तपासा, मग अंग, मग खाद्य. शेव्रल यांच्या लोण्यातले ब्युटिरिक आम्लही आता क्षाराच्या रूपात कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात आतड्याच्या आरोग्यासाठी घालतात. ते वाईट नाही, पण ओमेगा-3 च्या जागी ते चालत नाही. लेबल वाचताना कोणते आम्ल आणि किती टक्के हे पाहावे. नुसते फॅटी ॲसिड असे लिहिले असेल तर खोबरेल तेलातही फॅटी ॲसिडच असते.

पुन्हा शेव्रल यांच्याकडे. चरबीच्या शोधातून पैसा करण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. त्या काळी गरिबाच्या घरात चरबीची मेणबत्ती जळायची. मऊ, ओघळणारी, धुराची आणि वासाची. पातळ ओलेइक आम्ल पिळून काढले आणि घट्ट स्टिअरिक आम्लाची मेणबत्ती केली तर ती स्वच्छ जळते. 1825 साली गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी याचे पेटंट घेतले. पण प्रयोगशाळेत जमलेले कारखान्यात जमले नाही. धंदा बसला. काही वर्षांनी दुसऱ्याच माणसाने खाराऐवजी स्वस्त चुना वापरला आणि मेणबत्तीचा कारखाना उभा राहिला. संशोधन एकाचे, फायदा दुसऱ्याचा. पण शेव्रल यांनी त्यावरून कटकट केल्याचे दिसत नाही. 1852 साली एका संस्थेने त्यांना या कामाबद्दल 12,000 फ्रँकचे बक्षीस दिले, एवढीच भरपाई.

1824 साली त्यांना सरकारी नोकरी लागली ती गोबलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात, रंगविभागाचा प्रमुख म्हणून. तिथे तक्रार होती की काळा रंग फिका पडतो. त्यांनी रंग तपासला, रंगात खोट नव्हती. शेजारी निळा किंवा जांभळा धागा असला की काळा फिका दिसायचा, दोष डोळ्यांच्या सवयीचा. यावरून त्यांनी रंगांच्या शेजाराचा नियम मांडला, 1839 साली पुस्तक लिहिले आणि चित्रकारांनी ते डोक्यावर घेतले. चित्रकला हा आपला विषय नाही, म्हणून इतकेच. पण मेंढीच्या लोकरीतली वंगणचरबी आणि क्षार यांवर त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, तेही या कारखान्यामुळेच. 1815 मध्ये मधुमेह झालेल्या माणसाच्या लघवीतली साखर आणि द्राक्षातली साखर एकच आहे हेही त्यांनीच दाखवून दिले होते.

शेतकऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी त्यांची एक गोष्ट अजून राहिली. आपल्याकडे विहीर किंवा बोअर घ्यायची म्हटली की पाणाडी येतो. हातात झाडाची बेचकी काडी, नाहीतर तळहातावर नारळ. काडी वळली की तिथे खुणा करायच्या. फ्रान्समध्येही हीच पद्धत होती. शिवाय दोऱ्याला लोखंडी कडी बांधून ती पाण्यावर किंवा धातूवर धरायची, आपोआप झोके घेऊ लागली की खाली काहीतरी आहे असे समजायचे. शेव्रल यांनी 1812 च्या सुमारास हा प्रयोग स्वतः करून पाहिला. त्यांनी थट्टा केली नाही. भांड्यात पारा घेतला, वर कडी धरली आणि कडी खरोखर झोके घेऊ लागली! मध्ये काचेचा तुकडा ठेवला तर झोके मंदावले. कोणालाही वाटावे, सिद्ध झाले.

पण ते तिथे थांबले नाहीत. हाताला लाकडाचा आधार दिला. आधार जसजसा बोटांकडे सरकवला तसतसे झोके कमी होत गेले, बोटेच टेकवली तेव्हा पूर्ण बंद. मग त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मदतनिसाला सांगितले, की मला न सांगता काच मध्ये घाल आणि काढ. आता काचेचा काहीच परिणाम होईना. म्हणजे कडी हलवत होता तो त्यांचाच हात, आणि तोही त्यांच्या नकळत. डोळा झोका पाहतो, मन त्याची वाट पाहते, स्नायू बारीकसा धक्का देतात. 1833 साली त्यांनी हे सगळे विजेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या अँपिअर यांना पत्राने कळवले. 1853 साली काडीने पाणी शोधण्याचा आणि टेबल फिरवण्याचा मोठा बोलबाला झाला तेव्हा विज्ञान अकादमीने तपासासाठी समिती नेमली, तीत शेव्रल होते, आणि 1854 साली त्यांनी या विषयावर पुस्तकच काढले.

पाणाडी मुद्दाम फसवतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. काडी वळते हे खरे, पण ती पाणी पाहून वळत नाही. पाणाड्याच्या मनात जे असते त्याप्रमाणे ती वळते. खडकाचा आणि उताराचा त्याला वर्षानुवर्षांचा अंदाज असेल तर कधी पाणी लागतेही. पण कोरड्या गेलेल्या बोअरचे कर्ज पाणाडी फेडत नाही, त्यामुळे काडी फिरवण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे अर्ज करायला काय हरकत आहे?

1830 साली ते आपल्या गुरूच्या, व्होकलँ यांच्या जागी पॅरिसच्या निसर्ग-संग्रहालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे 1879 पर्यंत ते त्या संस्थेचे संचालकही होते. 1857 साली इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिले. फ्रान्सच्या कृषी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. घर अगदी साधे. पत्नी सोफी 1862 साली वारल्या, हेन्री हा एकुलता एक मुलगा. ज्या भागात जन्म झाला तो भाग दारूच्या द्राक्षांसाठी नावाजलेला, पण हे गृहस्थ दारूला शिवत नसत. पहाटे उठून प्रयोगशाळेत जायचे आणि स्वतःला विद्यार्थी म्हणवून घ्यायचे, तेही ऐंशी-नव्वदीत.

1870-71 मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला. अन्नाचे हाल होते, जानेवारी 1871 मध्ये संग्रहालयाच्या आवारात तोफगोळे पडले. शेव्रल तेव्हा 84 वर्षांचे. ते जागा सोडून गेले नाहीत आणि शास्त्राच्या संस्थेवर झालेल्या या माऱ्याचा त्यांनी लेखी निषेध नोंदवला.

1886 मध्ये त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा फ्रान्सने हा वाढदिवस राष्ट्रीय सण असल्यासारखा साजरा केला. पॅरिसमध्ये मशालींची मिरवणूक निघाली, त्यांच्या नावाने पदक काढले. नादार बापलेकांनी त्या वेळी त्यांची मुलाखत घेतली आणि बोलता बोलता फोटो काढले. छायाचित्रांसह छापलेल्या जगातल्या सुरुवातीच्या मुलाखतींमध्ये ती धरली जाते. शंभरीतला म्हातारा हातवारे करून रंगांचा नियम समजावून सांगतो आहे, असे ते फोटो आहेत.

1889 च्या मार्चअखेरीस पॅरिसच्या आयफेल टॉवरचे उद्घाटन झाले. त्यावर फ्रान्सच्या 72 शास्त्रज्ञांची आणि इंजिनिअरांची नावे कोरली आहेत, त्यांत शेव्रल हे नाव आहे. बाकीचे बहुतेक सगळे तोवर वारलेले होते, शेव्रल मात्र हयात होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 9 एप्रिल 1889 रोजी, वयाच्या 102 व्या वर्षी ते गेले. सरकारी इतमामाने नोत्र दाम या मोठ्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला आणि पॅरिसच्या दक्षिणेला लाय या गावी, जिथे त्यांचे घर होते, तिथे त्यांना पुरले.